साहेबांची बदली झाल्यावर

जानेवारी २०२४ मध्ये खेड तालुक्यातल्या मुंबके गावच्या चार जमिनींचा मुंबईत लिलाव झाला. जमिनी दाऊद इब्राहिमच्या घराण्याच्या, तस्करांच्या मालमत्ता जप्त करण्याच्या कायद्याखाली केंद्र सरकारने ताब्यात घेतलेल्या. त्यातल्या जेमतेम १७० चौरस मीटरच्या एका तुकड्याची राखीव किंमत होती १५,४४० रुपये. बोली थांबली २ कोटी १ लाख रुपयांवर. चारांतल्या दोन तुकड्यांना मात्र गिऱ्हाईकच मिळालं नाही. दोन कोटी ओतावेत असं त्या मातीत काही नाही, हे शेतीतलं थोडं कळणारा कुणीही सांगेल. पैसे मोजले गेले ते नावाचे.

गुंडाच्या नावाला आपण अशी किंमत देतो आणि त्याच्याशी लढणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यालाही नावावरच तोलतो. अमक्या साहेबांनी किती उडवले, तमक्यांनी कुणाला कुठून उचलून आणला, कुणाच्या नुसत्या नावाने डोंगरी थरथरायची. कोकणात या गजालींना, म्हणजे गप्पांना, जास्तच रंग चढतो, कारण इथल्या दर चार घरांमागे एखादा तरी मुंबईला असतो आणि त्यातला कुणीतरी पोलिसांत असतो. दाऊदचे वडील मुंबई पोलिसांत हवालदार होते, हेही त्याच गजालींत थोड्या आश्चर्याने सांगितलं जातं. त्यात आश्चर्य वाटण्यासारखं फारसं काही नाही. पोलिसांत जाणारी आणि डोंगरीच्या गल्लीत वाढणारी पोरं एकाच बोटीने मुंबईला उतरत होती.

माझं म्हणणं या गजालींच्या उलट आहे. संघटित गुन्हेगारीशी लढलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याची कारकीर्द त्याने कुणाला गाठलं यावर मोजू नये. त्याची बदली झाल्यावर त्याच्या हाताखालच्या सगळ्यात लांबच्या ठाण्यात काय उरलं, यावर मोजावी. हे पुण्या-मुंबईत बसून तात्त्विक वाटेल. रायगडच्या दक्षिण टोकाला मात्र त्याचा पुरावा आहे, आणि तो सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदलेला आहे.

९ जानेवारी १९९३ ची रात्र. मुंबईत दंगलीचा दुसरा भडका उडालेला, सगळ्यांचं लक्ष तिकडे. इकडे दिघीच्या जेट्टीवर माल उतरला आणि गाड्या निघाल्या. गोंडघर फाट्यावर त्या अडवल्या गेल्या. म्हणजे यंत्रणा झोपली होती असं नाही. श्रीवर्धन ठाण्याचे पोलीस जागेवर होते, गाड्या थांबल्या, माणसं समोर होती. मग बोलणी झाली. लाचेचा आकडा ठरला. तेवढी रोकड तस्करांकडे नव्हती, म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवल्या गेल्या आणि गाड्या पुढे गेल्या. फेब्रुवारीत श्रीवर्धनजवळच्या शेखाडीला आणखी माल उतरला, त्यात आरडीएक्स होतं. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं मेली.

फाट्यावरच्या त्या उपनिरीक्षकाला पुढे जन्मठेप झाली, शिपायांनाही शिक्षा झाल्या. कस्टमच्या माणसांना झाल्या, आणि त्यात अगदी वरच्या हुद्द्याचे अधिकारी होते. किनाऱ्यावर हत्यारं उतरणार असल्याचा इशारा कस्टमकडे जानेवारीच्या अखेरीस लेखी आलेला होता. मार्च २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कस्टम, पोलीस आणि तटरक्षक दल या तिघांवरही ताशेरे ओढले. वीस वर्षांनी.

या घटनेकडे ‘चार भ्रष्ट पोलिसांची गोष्ट’ म्हणून बघितलं की सगळं सोपं होतं. ती वाट त्या रात्री तयार झाली नव्हती. सोनं, चांदी, घड्याळं, कापड अशा मालाच्या उतरण्या या किनाऱ्यावर आधीची दोन-तीन दशकं होत होत्या. उतरवून घेणारे एजंट ठरलेले, होड्या ठरलेल्या, ट्रक ठरलेले, वाटेवरच्या हातांचे दर ठरलेले. गावातल्या पोरांना एका रात्रीच्या ओझ्याचे महिन्याच्या मजुरीएवढे पैसे मिळत. सोन्याच्या तस्करीत कुणाला मोठं पाप दिसत नव्हतं. सरकारचा कर बुडतो, बुडू दे, अशी सर्वसाधारण भावना. १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा गेला, १९९२ मध्ये परदेशस्थ भारतीयांना सोनं आणायची मुभा मिळाली आणि धंद्यातला मलिदा आटत गेला. हे काम कुठल्याही पोलीस अधिकाऱ्याने केलं नाही. दिल्लीतल्या अर्थखात्याने केलं, आणि तेही तस्करांवर डोळा ठेवून नव्हे. धंदा आटला तरी वाट शाबूत राहिली. होड्या, ट्रक, एजंट आणि फाट्यावरचे हात जिथल्या तिथे होते. माल बदलला तेव्हा त्या हातांनी आत काय आहे हे पाहिलं नाही. पाहायचं नाही, याचेच तर इतकी वर्षं पैसे मिळत होते.

आता या प्रकरणातली दुसरी बाजू. स्फोटांनंतर मुंबईत जो तपास झाला तो पोलीस कामाचा उत्तम नमुना आहे, हे मान्य केलंच पाहिजे. अमरजितसिंग सामरा आयुक्त, एम. एन. सिंग गुन्हे शाखेचे सहआयुक्त आणि वाहतूक शाखेत उपायुक्त असलेले राकेश मारिया यांच्याकडे तपासाची सूत्रं. वरळीला बेवारस सोडलेल्या मारुती व्हॅनच्या नोंदणीवरून माहीमच्या अल-हुसैनी इमारतीतल्या मेमन कुटुंबाच्या घरापर्यंत पोलीस पोहोचले, आणि तिथून पुढे धागे सुटत गेले. विशेष न्यायालयात न्यायमूर्ती प्र. द. कोदे यांच्यापुढे वर्षानुवर्षं खटला चालला आणि १०० जण दोषी ठरले. जबाब, पंचनामे, जप्त्या, नकाशे, गाड्यांचे नंबर या सगळ्या कागदाच्या जोरावर. मारियांचं नाव झालं ते योग्यच झालं.

पण पाहा, आपल्या आठवणीत त्या तपासातली व्हॅन राहिली, चौकशीच्या दंतकथा राहिल्या. गोंडघर फाटा राहिला नाही. श्रीवर्धन-म्हसळ्याबाहेरच्या किती वाचकांना हे नाव माहीत आहे? मुंबईतला अधिकारी लागलेली आग विझवायला गेला, त्याचं कौतुक झालं. अलिबागेत बसणाऱ्या अधीक्षकाने आपल्या जिल्ह्याच्या टोकाच्या ठाण्यात दर कसे ठरतात याची त्याआधीच्या पाच-दहा वर्षांत कधी चौकशी केली होती का, हा प्रश्न कुणी विचारला नाही. कारण त्या प्रश्नाचं चांगलं उत्तर असतं तर बातमीच झाली नसती. फाट्यावर गाडी अडली असती, माल पकडला गेला असता, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी आल्या असत्या.

मन्या सुर्वेचंही तेच. ११ जानेवारी १९८२, वडाळा. मुंबईतलं पहिलं एन्काउंटर म्हणून ही तारीख लोकांना पाठ आहे. त्याच्या दोन वर्षं आधी, नोव्हेंबर १९७९ मध्ये, हाच मन्या रत्नागिरीच्या तुरुंगातून उपचारासाठी इस्पितळात हलवलेला असताना पहाऱ्यातून निसटला होता. तो आपल्याच मुलखाकडचा, म्हणून इथे त्याच्याबद्दल अजूनही थोड्या कौतुकाच्या सुरात बोललं जातं, जे मला आवडत नाही. पण प्रश्न वेगळा आहे. वडाळ्याच्या गोळीची चर्चा चार दशकं चालली आहे, रत्नागिरीच्या पहाऱ्याची चार मिनिटंही झालेली नाही. पहारा नीट असता तर मधल्या दोन वर्षांतले दरोडे घडले नसते, गोळीची गरज पडली नसती, आणि पुढच्या तीस वर्षांचा तो पायंडाही कदाचित पडला नसता.

एन्काउंटरच्या बाजूने जे बोललं जातं ते मी हसण्यावारी नेत नाही. १९९७ मध्ये जानेवारीत दत्ता सामंत आणि ऑगस्टमध्ये गुलशन कुमार भर रस्त्यात मारले गेले. बिल्डर, हॉटेलवाले, चित्रपट निर्माते यांना रोज खंडणीचे फोन येत होते. साक्षीदार बोलायला तयार नव्हते, आरोपी जामिनावर सुटून पुन्हा तोच धंदा करत होते. दादर-परळच्या चाळीत राहणाऱ्या साध्या माणसाला तेव्हा दिलासा मिळाला तो गोळ्यांच्या बातम्यांनी, हे खरं आहे. तो माणूस मूर्ख नव्हता. न्यायालयाकडून त्याला काही मिळत नव्हतं.

पण हत्यार एकदा हातात दिलं की ते कुणावर चालतं याचा हिशेब ठेवणारं कुणी लागतं. नोव्हेंबर २००६ मध्ये रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया मारला गेला. तीही चकमक म्हणूनच सांगितली गेली. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना दोषी ठरवलं. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने पोलिसांच्या शिक्षा कायम केल्या, आणि खालच्या न्यायालयात सुटलेल्या एका नावाजलेल्या अधिकाऱ्यालाही दोषी धरलं. त्यावर पुढची दाद सर्वोच्च न्यायालयात मागितली गेली आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये चकमकींच्या चौकशीबाबत सर्वोच्च न्यायालयाने १६ सूचना घालून दिल्या, त्या महाराष्ट्रातल्याच याचिकेवर. गोंडघर फाट्यावर पैसे घेऊन गाडी सोडणारा हात आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून गोळी चालवणारा हात, हे मला फार वेगळे वाटत नाहीत. दोन्ही ठिकाणी वरच्या साहेबाने बघायचं नाही असं ठरवलेलं असतं. एकाला हप्ता म्हणतात, दुसऱ्याला पदक मिळतं.

टोळ्यांची कंबर मोडली ती कशाने, यावर मतभेद राहतील. माझ्या मते १९९९ च्या मोक्का, म्हणजे महाराष्ट्राच्या संघटित गुन्हेगारीविरोधी, कायद्याचा वाटा गोळ्यांहून मोठा आहे. फोन ऐकण्याची कायदेशीर सोय, पोलीस अधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात धरण्याची तरतूद, आरोपपत्रासाठी १८० दिवस, जामिनाला कडक अटी. या तरतुदींवर आक्षेप आहेत आणि काही आक्षेप मला पटतात. पोलिसापुढचा कबुलीजबाब ही दुधारी गोष्ट आहे. तरी यातलं प्रत्येक पाऊल कागदावर पडतं, आणि त्यावर न्यायाधीश बोट ठेवू शकतो. गोळीवर ठेवता येत नाही.

पण मोक्का लावायचा कुणाला? इथे कोकणातल्या छोट्या ठाण्यांचा संबंध येतो, आणि हा मुद्दा फारसा कुणी मांडत नाही.

कायद्याच्या व्याख्येप्रमाणे टोळीचं कृत्य ‘चालू बेकायदा कृत्य’ ठरायला आधीच्या दहा वर्षांत एकाहून जास्त आरोपपत्रं लागतात. तीही तीन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या दखलपात्र गुन्ह्यांची, आणि न्यायालयाने दखल घेतलेली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ मध्येही संघटित गुन्ह्याची कसोटी साधारण हीच आहे. म्हणजे साहेबाच्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार चालणार की नाही, हे दहा वर्षांत एखाद्या तालुक्याच्या ठाण्यात बसलेल्या ठाणे अंमलदाराने काय लिहून घेतलं यावर ठरतं. त्याने दखलपात्र गुन्हा नोंदवला असेल, तपास करून आरोपपत्र गेलं असेल, तर टोळी कागदावर उभी राहते. त्याने ‘एनसी’ म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद करून माणसाला घरी पाठवलं असेल, तर टोळी गावात आहे, बाजारात आहे, तहसील कचेरीच्या आवारात आहे, आणि फक्त कागदावर नाही.

आपल्याकडे ती नेमकी अशीच असते. आजच्या कोकणातला संघटित गुन्हा बंदूक घेऊन फिरत नाही, जमिनीचे कागद घेऊन फिरतो. सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, अर्धी मयत, वारसनोंदी राहिलेल्या, उरलेले विरार, नालासोपारा, डोंबिवलीला. दलाल त्यातल्या एका चुलत चुलतभावाला गाठतो, त्याचा अविभक्त हिस्सा किंवा कुलमुखत्यारपत्र लिहून घेतो, आणि मग एका हिश्श्याच्या जोरावर अख्ख्या सर्व्हे नंबरला तारेचं कुंपण घालतो. रात्री जेसीबी फिरतो. चिऱ्यांचा जुना गडगा सकाळी जागेवर नसतो. चाकरमानी गणपतीला गावी येतो तेव्हा त्याला आपल्याच पाणंदीवर फाटक दिसतं आणि फाटकावर चार अनोळखी पोरं. तो ठाण्यात जातो. “दिवाणी बाब आहे, कोर्टात जा,” असं ऐकतो. धमकी दिली म्हणतो, तेव्हा अदखलपात्र नोंद होते. गौरी-गणपतीचं विसर्जन होतं, परतीच्या गाडीचं तिकीट काढलेलं असतं, रजा संपते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं घरातलं मोठं माणूस सांगतं. पुढच्या वर्षी येईपर्यंत फेरफार मंजूर झालेला असतो. अशाच चार वाड्यांवर चार चाकरमानी, चार एनसी, एकाच दलालाची तीच पोरं. आरोपपत्र शून्य. मग एखादा हुशार, प्रामाणिक अधीक्षक रत्नागिरीला किंवा सिंधुदुर्गच्या मुख्यालयात ओरोसला येतो, त्याला टोळी स्पष्ट दिसते, तो स्थानिक गुन्हे शाखेला सांगतो, काढा याच्यावरचे गुन्हे. समोर येतात अदखलपात्र नोंदी आणि एखादी चॅप्टर केस, म्हणजे नीट वागण्याचा बंधपत्र घेण्याची प्रतिबंधक कारवाई. एवढ्यावर नवी मुंबईत कोकण परिक्षेत्राच्या महानिरीक्षकांकडे कसला प्रस्ताव पाठवणार? फार तर तडीपारीचा कागद रंगवायचा. एक-दोन वर्षं तो माणूस शेजारच्या जिल्ह्यात राहून फोनवर धंदा चालवतो.

हे सगळं धमकीपुरतं राहत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापुरात पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीने धडक दिली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. जमिनीच्या व्यवहारात वावरणाऱ्या माणसावर खुनाचा आरोप ठेवून अटक झाली. धडक बसली त्याच दिवशी वारिशे यांची त्या माणसाविषयीची बातमी छापून आली होती. मग राज्यभर निषेध झाले, विशेष तपास पथक नेमलं गेलं. राजापूर तालुक्यातल्या प्रस्तावित बारसू तेल रिफायनरीच्या बाजूचे आणि विरोधातले एकमेकांवर तुटून पडले. पण अशा घटनेआधीची वर्षं कशी गेलेली असतात, ठाण्याच्या डायरीत त्या काळात काय लिहिलेलं असतं आणि काय लिहिलेलं नसतं, तिकडे आपण वळतच नाही.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग ‘शांत जिल्हे’ म्हणून ओळखले जातात. पोलीस खात्यातही इथली नेमणूक म्हणजे थोडी विश्रांती, असं समजतात. गुन्ह्यांचे आकडे कमी असतात हे खरं. लोक स्वभावाने भांडखोर असले तरी मारामारीवर कमी येतात, हेही खरं (दाव्यावर मात्र लगेच येतात, आणि तीन पिढ्या चालवतात). पण आकडा कमी असण्यात न नोंदलेल्या तक्रारींचा वाटा किती, हे विचारणारा अधीक्षक मला हवा आहे. त्याच्या काळात जिल्ह्यातले गुन्हे कागदावर वाढले, तर त्याला मुंबईहून जाब विचारला जातो, विधानसभेत लक्षवेधी लागते. म्हणजे नोंद करणाऱ्याला शिक्षा आणि दडपणाऱ्याला शाबासकी. ही उलटी रीत आधी मोडायला हवी, आणि ती मंत्रालयातच मोडावी लागेल.

समुद्राकडूनही काही थांबलेलं नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक मालकाविना भरकटलेली बोट लागली, तिच्यात एके-४७ रायफली निघाल्या. ती घातपाताची नव्हती हे लवकरच स्पष्ट झालं, पण तोवर अख्ख्या रायगडात नाकाबंदी लागली होती. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०२३ मध्ये, दापोलीपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यांवर चरसाची पाकिटं वाहून येत राहिली. बांद्यावरून गोवा बनावटीची दारू तर वर्षाचे बारा महिने येते, आणि ती येते हे ज्याला माहीत नाही असा माणूस सावंतवाडीत सापडणार नाही. दारूचा टेम्पो सोडणं ही किरकोळ गोष्ट वाटते, जशी चांदीची वाटायची. तपासणी नाक्यावरचा दर ठरलेला असेल, तर उद्या टेम्पोत बाटल्यांच्या खोक्यांखाली काय आहे हे बघण्याची सवय त्या शिपायाला कुठून लागणार?

२६ नोव्हेंबर २००८ नंतर सागरी पोलीस ठाणी वाढली, गस्तीच्या बोटी आल्या, मच्छीमारांना ओळखपत्रं मिळाली, सागर सुरक्षा दलं नव्याने उभी केली गेली. सगळं आवश्यक होतं. बोटी नादुरुस्त पडतात, डिझेलच्या मंजुरीला उशीर होतो, खलाशी कंत्राटी असतात, वगैरे तक्रारी अधूनमधून छापून येतात. त्यात मी शिरत नाही. गोंडघरला बोट कमी पडली नव्हती आणि बंदूकही कमी पडली नव्हती, एवढंच लक्षात ठेवावं.

मग वरिष्ठ अधिकाऱ्याने करायचं काय? त्याला आधी वेळ हवा. पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंह प्रकरणात सप्टेंबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जिल्ह्याच्या अधीक्षकाला आणि ठाणे प्रभारीला किमान दोन वर्षं हलवू नये. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायदा दुरुस्त करून दोन वर्षांची मुदत लिहिलीही, आणि शेजारीच सार्वजनिक हितासाठी मध्येच बदली करण्याची वाट मोकळी ठेवली. सार्वजनिक हित कुणाचं, हे पालकमंत्री बदलले की कळतं. मुंबईच्या आयुक्तांनाही हे चुकलं नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये राकेश मारियांना एका गाजत्या खून प्रकरणाचा तपास चालू असतानाच बढती देऊन होमगार्डला पाठवलं गेलं. आयुक्ताची ही गत, तर दापोली-मंडणगडच्या निरीक्षकाची काय सांगावी. नवा अधिकारी पहिल्या सहा महिन्यांत जिल्हा समजून घेतो, पुढच्या सहा महिन्यांत कोण कुणाचा माणूस आहे हे त्याला कळतं, आणि काम सुरू करायच्या बेतात असतो तेव्हा निरोप समारंभाचं आमंत्रण येतं. शाल, श्रीफळ, ‘कर्तव्यदक्ष अधिकारी’. टोळीला हे वेळापत्रक पाठ असतं. ती वाट बघते, बस्स.

वेळेनंतर धैर्य. परक्या गुंडावर धाड घालायला जे धैर्य लागतं त्याहून जास्त आपल्याच हवालदारावर गुन्हा नोंदवायला लागतं. मोक्कामध्येच कलम २४ आहे. टोळीला मदत करणाऱ्या, किंवा कायद्याने करायची कारवाई न करणाऱ्या सरकारी नोकराला तीन वर्षांपर्यंत कैद. कायदा करणाऱ्यांना गोंडघर आठवत होतं की काय कोण जाणे, पण तरतूद नेमकी तिथल्यासारख्या प्रसंगांसाठी आहे. मोक्का लागल्याच्या बातम्या मी दर आठवड्याला वाचतो. कलम २४ चं नाव त्यात क्वचित दिसतं. टोळ्या पोलिसांच्या मदतीशिवायच चालतात, असा याचा अर्थ कुणी काढणार असेल तर काढो.

उलट बाजूही सांगायला हवी. ठाण्यातला शिपाई नाही म्हणू शकेल अशी परिस्थिती साहेबाने निर्माण केली नसेल, तर त्याच्याकडून हुतात्मा होण्याची अपेक्षा धरू नये. गावात त्याला राहायला धड घर नसतं, गणपती-शिमग्याला सलग बंदोबस्त असतो, आमदाराच्या माणसाचा फोन आला की निरीक्षक त्यालाच समोर करतो. अशा शिपायाने रात्री बारा वाजता फाट्यावर दहा माणसांची गाडी अडवायची आणि पैसे नाकारायचे. सकाळी साहेब आपल्या पाठीशी उभे राहतील याची खात्री असेल तरच तो हे करेल. ही खात्री परिपत्रकाने येत नाही. साहेब अचानक रात्री नाक्यावर येऊन उभे राहतात, खालच्याने केलेली नोंद वरच्याच्या फोनवरून फाडू देत नाहीत, अशा दोन-चार घटना ठाण्यांत पसरल्या की येते. अशी माणसं खात्यात असतात. त्यांची नावं आपल्याला कळत नाहीत, कारण त्यांच्या जिल्ह्यात काही घडत नाही.

आणि शेवटी खटला. पंच फितूर होतात, साक्षीदार मुंबईला निघून जातात, तपास अधिकारी तीन बदल्या होऊन गडचिरोलीला पोहोचलेला असतो आणि साक्षीच्या तारखेला त्याला सुट्टी मिळत नाही. साक्षीदार संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मंजूर केली आणि ती देशभर लागू केली. ती गुहागरच्या साक्षीदाराला माहीत आहे का? अटकेचा फोटो छापून येतो तेव्हा बुरखा घातलेल्या आरोपीमागे साहेब ओळीने उभे असतात. निकालाच्या दिवशी, सात-आठ वर्षांनी, कोर्टात पोलिसांच्या बाजूने खटल्याचं काम पाहणाऱ्या पैरवी हवालदाराखेरीज कुणी नसतं.

म्हणून माझी सूचना साधी आणि कोरडी आहे. कोकणातल्या प्रत्येक जिल्ह्याचा अधीक्षक बदलून जाताना एक तक्ता मांडावा. त्याच्या काळात किती तक्रारी अदखलपात्र म्हणून गेल्या आणि त्यातल्या किती फेरतपासणीत दखलपात्र ठरल्या. एकाच माणसाविरुद्ध वेगवेगळ्या ठाण्यांत आलेल्या तक्रारी कुणी एकत्र करून पाहिल्या का. स्वतःच्या खात्यातल्या किती जणांवर गुन्हे नोंदले, नुसत्या बदल्या नव्हे. पाच वर्षांपूर्वीच्या अधीक्षकाने दाखल केलेल्या मोठ्या खटल्यांचं पुढे काय झालं. जनतेला समजेल अशा मराठीत, दोन पानांत. जिल्हा पोलिसांच्या संकेतस्थळावर आज जिथे सत्कारांचे फोटो असतात, तिथे ती दोन पानं सहज मावतील.